दागिन्याचे छायाचित्र आणि पार्श्वभूमीचा लोप : वसई-विरारच्या इमिटेशन व्यवसायाच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजसंज्ञा : पार्श्वभूमी, कृत्रिम बुद्धिमत्ता, इमिटेशन दागिने, औचित्य, पाठचिकित्सा, वसई-विरार

प्रास्ताविक

दागिना पारखण्याची आपल्याकडील रीत मुख्यतः हाताची आहे. वजन तळहाताला कळते, कस कसोटीच्या दगडावर उतरतो, कुड्यांची फिरकी नीट बसते की नाही हे बोटांना समजते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ऑनलाइन खरेदी रूढ झाली आणि या हाताची जागा डोळ्याने घेतली. डोळ्यासमोरही दागिना राहिला नाही, त्याचे छायाचित्र आले. सोन्याच्या बाबतीत ही उणीव काही अंशी भरून निघते. हॉलमार्क सक्तीचा आहे तेथे १ एप्रिल २०२३ पासून अंक-अक्षरांचा सहा स्थानी ओळखक्रमांक दागिन्यावरच असावा लागतो. गिऱ्हाइकाने छायाचित्रावर विसंबू नये एवढी सोय कायद्याने केली आहे. परंतु ज्याला बोलीत ‘बेन्टेक्सचे’, ‘एक ग्रॅमचे’ किंवा सरळ ‘खोटे’ दागिने म्हणतात, त्या इमिटेशन दागिन्याच्या अंगावर असा कोणताही शिक्का नसतो. त्याच्याजवळ दाखवण्यासारखा दाखला एकच, तो म्हणजे त्याचे छायाचित्र.

या व्यवसायाचा मोठा विस्तार मुंबईच्या मालाड भागापासून उत्तरेकडे पश्चिम रेल्वेच्या कडेने पसरत वसई, नालासोपारा आणि विरारपर्यंत पोहोचला आहे. चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे एकत्र करून २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा प्रदेश पालघर जिल्ह्यात आला. पूर्वेकडील औद्योगिक गाळ्यांत ओतकाम, घासकाम आणि मुलामा; वस्त्यांमधल्या एक-दोन खोल्यांच्या घरांत स्त्रियांच्या हातून मोती ओवणे, खडे चिकटवणे, कड्या जोडणे आणि त्याची नगावर मिळणारी मजुरी, अशी या कामाची वाटणी आहे. याच जिल्ह्यात उत्तरेला चिंचणीच्या परिसरात दागिन्यांचे डाय, म्हणजे पोलादी ठसे, कोरणाऱ्या कारागिरांचा जुना व्यवसाय आहे. थोडक्यात, दागिना घडण्याच्या अनेक पायऱ्या या जिल्ह्यातच उतरतात. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका पायरीची भर पडली. तयार दागिना मोबाइलवर टिपायचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने त्याची पार्श्वभूमी काढून टाकायची.

या शेवटच्या पायरीकडे कोणी ‘काम’ म्हणून पाहत नाही. एक बोट टेकवले की चादर, फरशी, वर्तमानपत्र नाहीसे होते आणि झुमका शुभ्र पांढऱ्यावर उरतो. साफसफाईसारखी ही क्रिया वाटते. वस्तुतः ती संपादन आहे. आणि दागिन्याच्या बाबतीत ते फार जोखमीचे संपादन आहे, कारण दागिना कोठे संपतो आणि पार्श्वभूमी कोठे सुरू होते हे इतर बहुतेक वस्तूंप्रमाणे दागिन्यात आधीच ठरलेले नसते.

पांढऱ्या पार्श्वभूमीचा दंडक

वस्तूभोवतीचा भाग काढून टाकण्याची हौस यंत्राने निर्माण केलेली नाही. छापखान्यांच्या काळी हाफटोन ब्लॉकवरील आजूबाजूचा भाग खरवडून काढत, किंवा निगेटिव्हवर रंग भरून वस्तू सुटी करत. १९९० मध्ये फोटोशॉप आले. पुढे पेन टूलने वस्तूच्या कडेने बिंदू टाकत जाणारे एक स्वतंत्र कसबच उभे राहिले. साध्या डब्याला त्यात काही मिनिटे लागत. जाळीच्या झुमक्याला एखादा तास सहज जाई, कारण जाळीचे प्रत्येक भोक हा स्वतंत्र मार्ग असे. हे काम नगावर दिले जाई आणि वस्तू जितकी गुंतागुंतीची तितका दर चढा. तो दर म्हणजे दागिन्याच्या कडेचे मोल, असे म्हणायला हरकत नाही.

ऑनलाइन बाजारपेठांनी या सवयीचे नियमात रूपांतर केले. अ‍ॅमेझॉनच्या मुख्य छायाचित्राला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते. लाल, हिरवा व निळा या तिन्ही रंगांचे मूल्य २५५ असलेली. शिवाय चौकटीचा किमान ८५ टक्के भाग वस्तूने व्यापलेला असावा लागतो. साबण, पुस्तक, पातेले यांना हा नियम सोयीचा आहे. दागिन्याचे काय होते? नाकातली चमकी आणि गळ्यातला साज एकाच मापाचे दिसू लागतात. चमकीची ओळखच तिच्या लहानपणात असते. ती चौकटभर ताणली की दिसतो तो एखादा पदक-वजा तुकडा, आणि माप शेजारी मिलिमीटरमध्ये लिहिलेले असले तरी डोळा मिलिमीटर वाचत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये व्हिएन्नातील एका लहान कंपनीने ‘रिमूव्ह डॉट बीजी’ हे संकेतस्थळ सुरू केले. छायाचित्र चढवायचे, काही सेकंदांत पार्श्वभूमी गेलेली प्रत उतरवून घ्यायची. २०२१ मध्ये कॅनव्हाने ती कंपनी विकत घेतली. २०२२ मध्ये आयफोनच्या आज्ञावलीत बोट दाबून वस्तू उचलण्याची सोय आली. पेन टूलने केलेल्या एका तासाच्या कामाची किंमत अशा रीतीने जवळजवळ शून्यावर आली.

याचा लाभ नाकारणे अन्यायाचे होईल. नालासोपाऱ्यातील एका खोलीत राहून बांगड्यांची विक्री करू पाहणाऱ्या स्त्रीला स्टुडिओचे भाडे, दिव्यांचा तंबू, छायाचित्रकाराचा दर हे सारे परवडण्यासारखे नव्हते. तिच्या मालाला मोठ्या व्यापाऱ्याच्या मालाशेजारी त्याच पांढऱ्या पाटावर बसवले ते या साधनाने. भिंतीवरचे ओल आलेले पोपडे पाहून बांगडीचा भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तिने उत्तर दिले असेही म्हणता येईल. पार्श्वभूमी काढण्यावर सरसकट टीका करणाऱ्याला पार्श्वभूमीची लाज कधी वाटलेली नसते. म्हणून आक्षेप या साधनाच्या वापरावर नाही. ते काय काढते आणि काढताना काय ठरवते, हे न पाहता त्याची प्रत दाखला म्हणून वापरण्यावर आहे.

यंत्राची कात्री

‘कात्री’ हा शब्द येथे सोयीपुरता घ्यावा, कारण खऱ्या कात्रीला दोनच बाजू असतात. कापलेले आणि उरलेले. डिजिटल चित्रात तिसरी अवस्था असते. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रे एकमेकांवर बसवण्याचे जे गणित मांडले, त्यात प्रत्येक पिक्सेलला रंगाबरोबर एक चौथी संख्या असते. ‘अल्फा’ नावाची ही संख्या तो पिक्सेल वस्तूने किती व्यापला आहे ते सांगते. केसाच्या टोकाशी, साखळीच्या कडीशी, मोत्याच्या गोलाईशी असे पिक्सेल असतात की ज्यांत थोडी वस्तू आणि थोडी पार्श्वभूमी मिसळलेली असते. छायाचित्रात दिसतो तो मिसळलेला रंग. मूळचे दोन रंग आणि त्यांचे प्रमाण मात्र अज्ञात असते. एका उत्तरावरून तीन अज्ञाते काढायची, असा हा प्रश्न आहे. त्याला गणिताने एकच उत्तर देता येत नाही. अंदाज करावा लागतो.

पूर्वी हा अंदाज माणूस करी. आता प्रशिक्षित जाळे करते. या क्षेत्रात सर्वत्र वापरले गेलेले एक प्रतिमान म्हणजे २०२० चे ‘यू-स्क्वेअर-नेट’. ते ज्या डीयूटीएस संचावर शिकले त्यात १०,५५३ छायाचित्रे होती आणि त्यांतून शिकवलेली गोष्ट होती ‘चित्रातील लक्षवेधी वस्तू ओळखणे’. माणसे, प्राणी, वाहने, घरगुती जिन्नस अशा सर्वसाधारण जगातून घेतलेला हा अनुभव आहे. ठुशी म्हणजे काय हे अशा प्रतिमानाला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला एवढेच कळते की या चौकटीत डोळा कोठे जाईल. दागिना ओळखणे आणि लक्षवेधी भाग ओळखणे या भिन्न गोष्टी आहेत, हा फरक प्रत्यक्ष उदाहरणात लगेच उमटतो. बोटात घातलेल्या अंगठीचे छायाचित्र दिले तर संपूर्ण हात राखला जाण्याचा संभव असतो. लाल मखमलीवर ठेवलेल्या ठुशीचे दिले तर मणी राहतात आणि मागची दोरी व तिचा गोंडा कापला जाऊ शकतो, कारण दोरी चकाकत नाही. ज्या दोरीने ठुशी गळ्याच्या मापाला लहान-मोठी करता येते तीच यंत्राच्या लेखी पार्श्वभूमी ठरते.

दुसरी अडचण निव्वळ मापाची आहे. हे प्रतिमान कोणतेही छायाचित्र ३२० बाय ३२० पिक्सेलांवर आणून पाहते आणि त्या लहान आकारात काढलेला मुखवटा नंतर ताणून मूळ चित्रावर बसवला जातो. मोबाइलने टिपलेले चित्र ३००० पिक्सेल रुंद आणि त्यातील मंगळसूत्राची बारीक साखळी ४ पिक्सेल जाड असली, तर यंत्राच्या नजरेपर्यंत ती पोहोचते अर्ध्या पिक्सेलहून कमी जाडीची. म्हणजे साखळी यंत्राने कापली असे म्हणणेही बरोबर नाही. ती त्याला धडपणे दिसलेलीच नसते. पुढे आलेली प्रतिमाने अधिक मोठ्या आकारात पाहतात, कडा अधिक नाजूकपणे सांभाळतात, यात शंका नाही. तरीही जेथे कड ही अंदाजाची बाब आहे तेथे सुधारणेने अंदाज चांगला होतो, प्रत्यक्ष दर्शन होत नाही.

नथीचे उदाहरण यासाठी विशेष बोलके आहे. नथीचा बराचसा भाग मोकळा असतो. मोती एका बाजूला दाटलेले, उरलेल्या अंगाला केवळ तारेचे वळण, आणि त्या वळणाच्या पोटात रिकामी जागा. नथीचा घाट या रिकाम्या जागेनेच बनतो. ती जागा पार्श्वभूमी की दागिना? पदार्थ म्हणून पाहिले तर पार्श्वभूमी. आकार म्हणून पाहिले तर दागिना. यंत्र कधी ती तशीच ठेवते, मग पांढऱ्या चित्रात वळणाच्या आत निळ्या चादरीचा तुकडा अडकून राहतो. कधी कापते आणि तारेचा काही भागही सोबत नेते. झुमक्याची जाळी, बोरमाळेतील दोन मण्यांमधली फट, तोड्याची गुंफण, सर्वत्र हाच पेच. त्यात मोती आणि पांढरे खडे पांढऱ्या कागदावर ठेवून टिपण्याची चूक नवशिके विक्रेते हमखास करतात. पांढऱ्यात पांढरे मिसळते आणि मोत्याची एक बाजू चावल्यासारखी दिसू लागते.

या साऱ्या अडचणी तांत्रिक म्हणता येतील आणि तंत्र सुधारले की त्या कमी होतील. पुढची अडचण त्या जातीची नाही. घासून चकाकी आणलेल्या धातूला स्वतःचा असा रंग फार थोडा असतो. त्यावर दिसते ते भोवतालचे जग. पिवळ्या मुलाम्याच्या पाटलीवर खिडकी दिसते, छायाचित्र काढणाऱ्याचा हात दिसतो, खालच्या लाल कापडाची आभा बुडाशी दिसते. खडा आणखी पुढे जातो. तो मागचे सारे आत घेऊन, वाकवून, तुकडे करून बाहेर टाकतो. आता पार्श्वभूमी काढली. कापड गेले, पाटलीच्या अंगावरची लाली राहिली. खोली गेली, खड्याच्या पोटातील खोली राहिली. पांढऱ्या पोकळीत ठेवलेला तो दागिना आता अशा जगाचे प्रतिबिंब दाखवतो की जे चित्रात कोठेच नाही. पाहणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण दागिना चिकटवल्यासारखा, अधांतरी वाटतो तो यामुळे.

संगणकशास्त्राला हे फार पूर्वी कळले होते. १९९९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी ‘एन्व्हायर्नमेंट मॅटिंग’ ही पद्धत मांडली. चकाकणारी किंवा पारदर्शक वस्तू निरनिराळ्या आकृत्यांच्या पडद्यांसमोर पुन्हापुन्हा टिपायची आणि प्रत्येक बिंदू भोवतालच्या कोणत्या भागाचा प्रकाश आणतो ते नोंदवायचे, असा तिचा गाभा होता. म्हणजे अशा वस्तूला सुटे करायचे तर तिचा परिसराशी असलेला संबंध आधी मोजावा लागतो. एका बोटाच्या स्पर्शात होणारे काम यापासून किती दूर आहे हे वेगळे सांगायला नको. अल्फा ही संख्या फक्त ‘किती झाकले’ हे सांगते. ‘काय परावर्तित केले’ हे सांगण्याची जागाच तिच्यात नाही. दागिन्याची पार्श्वभूमी दागिन्याच्या अंगात शिरलेली असते, ही केवळ काव्यात्म उक्ती नसून प्रकाशाच्या वर्तनाचे साधे वर्णन आहे.

स्थान, माप आणि औचित्य

अलंकाराचे सौंदर्य अलंकारात की त्याच्या जागेत, हा प्रश्न भारतीय साहित्यशास्त्राला नवा नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली, तेव्हा आपले म्हणणे पटवण्यासाठी त्याने खऱ्याखुऱ्या दागिन्यांचाच दाखला घेतला. कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला घातला तर कोणाला हसू येणार नाही, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. दागिना उत्तम असूनही तो अस्थानी गेला की शोभा जाते. क्षेमेंद्राने न कल्पिलेली अवस्था आज रोजची झाली आहे. दागिना चुकीच्या जागी नाही. त्याला जागाच नाही. मेखला कमरेला नाही आणि गळ्यातही नाही, ती पांढऱ्यावर आहे. तिच्याबद्दल उचित-अनुचित असे काही म्हणताच येत नाही. काव्यचर्चेत आपण संदर्भाबाहेर उचललेल्या ओळीविषयी जी सावधगिरी बाळगतो, ती येथेही बाळगणे आवश्यक ठरते.

याच परिसरातील भूमीने याचा एक मोठा धडा दिलेला आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा, ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखला जाणारा स्तूप खणला. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या पोटात क्रमाने चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे लहान होत जाणारे करंडक, सोन्याची फुले, मातीच्या पात्राचे तुकडे. तांब्याच्या करंडकाभोवती बुद्धांच्या आठ ब्राँझ मूर्ती मांडलेल्या होत्या. याच निक्षेपात यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले आणि त्यामुळे कालनिर्णयाला आधार झाला. मूर्ती घडणीवरून काही शतकांनी नंतरच्या ठरल्या. म्हणजे पेटी पुन्हा केव्हातरी उघडली गेली होती. हे सर्व ज्ञान एकेका वस्तूतून नव्हे, कशाशेजारी काय होते यातून निघाले. त्यातील एक सुवर्णपुष्प उचलून पांढऱ्या कागदावर ठेवले असते तर ते सुंदर पातळ पत्र्याचे फूल एवढेच राहिले असते. पुरातत्त्वात ज्याला संदर्भ म्हणतात त्याचे दुसरे साधे नाव पार्श्वभूमी हेच आहे.

विक्रीच्या छायाचित्राकडून पुरातत्त्वाच्या शिस्तीची अपेक्षा करणे अतिरेकाचे होईल, हे खरे. पण काय गेले याची यादी तरी करता येते. पहिल्यांदा जाते माप. मग सावली, वस्तू टेकलेली असते तेथील गडद रेघ गेली की जड आणि पोकळ यांतील फरक जातो, आणि इमिटेशनमध्ये हाच फरक गिऱ्हाइकाला हवा असतो. भरीव पाटली जमिनीवर बसते तशी पोकळ पाटली बसत नाही. पुष्कळ साधने कापल्यानंतर आपणहून एक मऊ सावली घालून देतात. ती सगळ्यांना सारखीच असते, आठ ग्रॅमच्या कड्याला आणि ऐंशी ग्रॅमच्या तोड्यालाही.

आणि जाते ते ठिकाण. नायगावपासून विरारपर्यंत टिपलेल्या छायाचित्रांत कापली जाणारी पार्श्वभूमी कोणती असते? स्टीलचे ताट, मण्यांचे वाटे, फरशीवर पसरलेले वर्तमानपत्र, एखाद्या मुलीची वही, गुडघ्याची कड. जेथे दागिना जोडला गेला तीच जागा. मुलाम्याच्या गाळ्यातील धूर आणि घरकामाची नगावरची मजुरी या व्यवसायाच्या किमतीत शिरलेली आहे; चित्रात ती कधीच नव्हती असे म्हणता येईल, कारण सराफी जाहिरातींनीही कारागीर दाखवला नाही. फरक एवढाच की पूर्वी त्याला चौकटीबाहेर ठेवण्यासाठी स्टुडिओत जावे लागे. आता कारागिराच्या घरीच, बहुधा त्याच घरातील माणसाच्या बोटाने, हे घर पुसले जाते. यात करुण असे काही शोधण्याची गरज नाही. पुसणाऱ्याला ते पुसायचेच असते. समीक्षकाने मात्र पांढरा रंग तटस्थ आहे असे समजू नये.

पाठ आणि पाठभेद

पार्श्वभूमी काढणे येथवर वजाबाकीच होती. अलीकडच्या साधनांत तिला जोडून बेरीज येते. सुटा केलेला दागिना संगमरवरावर, पैठणीच्या पदरावर, अस्तित्वात नसलेल्या स्त्रीच्या गळ्यात बसवून मिळतो. हे करताना ज्ञात भागाच्या कडेला अज्ञात भाग जुळवून घ्यावा लागतो आणि तेथे यंत्र दागिन्यालाही हात लावते. कोल्हापुरी साजात परंपरेने २१ पाने मानली जातात व प्रत्येकाला अर्थ आहे. चित्रात ती १९ झाली काय आणि २३ झाली काय, यंत्राच्या लेखी साज शोभिवंतच असतो. ज्या घरात साज आहे तेथील आजी पाने मोजते. फिरकीचा सांधा, डागाची खूण, किंचित तिरका बसलेला खडा या गोष्टी हाताच्या कामाच्या खुणा आहेत आणि दोषही आहेत. भरून काढणारे यंत्र त्यांना गुळगुळीत करते. पार्सल उघडल्यावर त्या पुन्हा दिसतात.

मग माल परत येतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी सुसंगत असावी लागते आणि जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. साधन बनवणाऱ्याचे नाव या व्यवहारात कोठे येत नाही. दोन-तीनशे रुपयांच्या कानातल्यांच्या जोडीवरील परतीचा भुर्दंड ज्याच्या नावे खाते आहे त्याच्या माथी बसतो, आणि छायाचित्र खोटे करण्याचा त्याचा हेतू बहुतेक वेळा नसतोच. त्याने फक्त चादर काढायला सांगितले होते.

येथे पाठचिकित्सेच्या शास्त्राकडून शिकण्यासारखे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभले आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. विष्णु सीताराम सुकथनकर व त्यांच्या नंतरच्या संपादकांनी शेकडो ओळी मूळ संहितेतून बाजूला काढल्या. पण काढलेली ओळ फेकून दिली नाही. ती तळटीपेत किंवा परिशिष्टात गेली, कोणत्या हस्तलिखितात ती आहे याची नोंद झाली, आणि ज्याला संपादकाचा निर्णय मान्य नाही त्याला तो तपासता येईल अशी व्यवस्था राहिली. संपादनाचा अधिकार आणि संपादनाचा पुरावा एकत्र छापला गेला. कापलेल्या छायाचित्राला असा तळटीपेचा भाग नसतो. निर्णय दिसतो, पाठभेद दिसत नाही. वास्तविक तांत्रिकदृष्ट्या तो ठेवणे अतिशय सोपे आहे, कारण मुखवटा हे स्वतंत्र चित्रच असते आणि मूळ छायाचित्र मोबाइलमध्ये पडूनच असते. गिऱ्हाइकाची तक्रार आली की वाद मिटवायला तेच उपयोगी पडते. पण जागा भरली म्हणून ते आधीच पुसलेले असण्याची शक्यता अधिक.

महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत व्यवसायाभिमुख छायाचित्रण आणि डिजिटल विपणन शिकवले जाते, त्यात साधन कसे वापरावे याला तास असतात. साधनाने दिलेली कड कशी वाचावी याला बहुधा नसतो. वसई-विरारमधील महाविद्यालयांत तर विद्यार्थ्यांच्या घरीच या विषयाची प्रयोगशाळा आहे. एकच नथ लाल, काळ्या आणि पांढऱ्या कापडावर टिपून तिन्ही चित्रांतून यंत्राने काय कापले हे शेजारी ठेवून पाहण्याला खर्च येत नाही, आणि तीन उत्तरे तीन प्रकारची आली की ‘दागिना आपोआप सुटा होतो’ हा समज टिकत नाही. कडेला आलेला कापडाचा रंग, बुजलेली जाळी, तुटलेली साखळी, गेलेला गोंडा यांची नोंद वाणिज्य शाखेचा विद्यार्थी जितक्या चांगल्या रीतीने करील तितकीच मराठीचा विद्यार्थीही करील. हस्तलिखितातील लेखनप्रमाद ओळखण्याची नजर याहून फार वेगळी नसते.

अ‍ॅमेझॉनचा पांढऱ्याचा दंडक मुख्य छायाचित्रापुरता आहे. त्यानंतरच्या छायाचित्रांना पार्श्वभूमी असण्यास मनाई नाही. पहिले चित्र यंत्राने कापलेले आणि दुसरे न कापलेले. दागिना तळहातावर, खिडकीच्या उजेडात, फिरकी व मागची बाजू दिसेल असा ठेवलेला. तळहाताने माप कळते, बोटांच्या सावलीने वजनाचा अदमास येतो, आणि पाटलीवर दिसणारी खिडकी चित्राच्या कडेला खरोखरच असते.